ससा पाळायचा तर त्याची भाषा शिकायला हवी

कुत्रा पाळायचा म्हटले की सोसायटीतील शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मांजराचे नाव काढले की घरातील ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात. मुलांचा हट्ट मात्र थांबत नाही. अशा वेळी शहरी पालकांना ससा हा सोयीचा मध्यममार्ग वाटतो. तो भुंकत नाही, चावत नाही असा समज आहे, त्याला फिरायला न्यावे लागत नाही आणि तो पूर्ण शाकाहारी आहे. मग वाढदिवसाच्या किंवा परीक्षा संपल्याच्या निमित्ताने एक पिंजरा, अर्धा किलो गाजरे आणि कापसाच्या गोळ्यासारखे एक पिल्लू घरात येते.

यापुढची कथा अनेक घरांत सारखीच असते. काही आठवड्यांत मुलांचे कुतूहल ओसरते आणि पिंजरा गॅलरीच्या कोपऱ्यात जातो. एके दिवशी ससा खाणे सोडतो आणि ‘काल तर चांगला होता’ असे म्हणत घरचे लोक पशुवैद्यकाकडे धावतात. काही घरांत तो वायर कुरतडतो, गुरगुरतो, नखे मारतो म्हणून एखाद्या बागेत नेऊन सोडला जातो. या दोन्ही शेवटांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ससा आवाज करत नाही, म्हणजे तो मजेत आहे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ससा गप्प असला तरी अबोल नसतो. त्याचे कान, नाक, दात, मागचे पाय आणि बसण्याची ढब सतत काही ना काही सांगत असतात. ते ऐकू येण्यासाठी आधी हा प्राणी कोण आहे, हे समजून घ्यावे लागते.

रानातला वेगळा, घरातला वेगळा

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. महाराष्ट्राच्या माळरानांवर आणि शेतांच्या बांधांवर दिसणारा लांब पायांचा, करड्या-तपकिरी रंगाचा रानससा वेगळा आणि दुकानातून घरी येणारा ससा वेगळा. रानससा बिळात राहत नाही. गवतातील उथळ खळग्यात तो दबा धरून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. पाळीव सशाची पिल्ले मात्र उघडी, आंधळी आणि पूर्णपणे परावलंबी जन्मतात. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही निराळी आहे. पाळीव सशात ती ४४, तर रानसशात ४८ असते. त्यामुळे त्यांच्यात संकर होत नाही. रानससा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो.

पाळीव सशाचे मूळ स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सच्या नैऋत्य भागात आहे. तेथील रानटी ससे जमिनीखाली बिळांचे जाळे खोदून कळपाने राहत. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडून ते चरत. शतकानुशतकांच्या पैदाशीने त्यांच्या रंगांत, कानांत आणि आकारात फरक पडला. मेंदूतही पडला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाळीव आणि रानटी सशांच्या मेंदूंची तुलना करण्यात आली. भीतीशी निगडित असलेला मेंदूचा भाग पाळीव सशांत तुलनेने लहान, तर भीतीला आवर घालणारा भाग मोठा असल्याचे त्यात आढळले. म्हणजे पाळीव ससा माणसाच्या सहवासाला सरावू शकतो. परंतु खोदणे, कुरतडणे, सोबत शोधणे आणि धोक्याची चाहूल घेणे या मूळ प्रवृत्ती त्याने सोडलेल्या नाहीत. त्याच्या ‘खोड्या’ म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या बहुतेक याच प्रवृत्ती असतात.

भित्रेपणा नव्हे, शहाणपण

पाठीवर पान पडले आणि आभाळ कोसळले असे समजून धूम ठोकणाऱ्या सशाची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. त्यात त्याची चेष्टा आहे. मात्र ज्याला कोल्ह्यापासून गरुडापर्यंत सारेच भक्ष्य मानतात, त्याने पान पडताच पळणे हेच शहाणपणाचे आहे. जो थांबून खात्री करतो, तो वाचत नाही.

सशाचे संपूर्ण शरीर या एका सूत्रावर बेतलेले आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. वरून झेपावणारा पक्षीही दिसतो. मात्र अगदी नाकासमोरचा थोडा भाग त्याला दिसत नाही. म्हणूनच नाकापुढे अचानक बोट नेले की तो दचकतो आणि क्वचित चावतोही. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांची दृष्टी आणखी अधू असते. समोरच्या वस्तूचे अंतर अजमावण्यासाठी ते डोके संथपणे डावीकडे-उजवीकडे हलवतात. अनेकांना हा आजार वाटतो. तो बहुधा पाहण्याचाच एक प्रकार असतो.

उचलून घेणे हा प्रेमाचा आविष्कार आहे, असे माणसाला वाटते. सशाच्या लेखी मात्र वरून आलेले हात आणि जमिनीवरून सुटलेले पाय म्हणजे शिकाऱ्याने पकडल्याची खूण. तो जिवाच्या आकांताने मागचे पाय झाडतो. त्याचे स्नायू दणकट आणि हाडे मात्र हलकी असतात. त्यामुळे या झटापटीत स्वतःच्याच लाथेने पाठीचा कणा मोडण्याचा धोका असतो. कान धरून उचलणे ही तर शुद्ध क्रूरता आहे. उचलणे अपरिहार्य असेल तेव्हा एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली घेऊन त्याला अंगाशी घट्ट धरावे. लहान मुलांनी जमिनीवर बसावे आणि सशाला आपणहून जवळ येऊ द्यावे, हे उत्तम.

मोबाइलवरील चित्रफितींत उताणा, निश्चल पडलेला ससा पाहून ‘किती शांत झोपलाय’ असे कौतुक होते. ती झोप नव्हे. सुटकेचा मार्ग उरला नाही, की भक्ष्य प्राणी मेल्यासारखा निपचित पडतो, तीच ही अवस्था आहे. गंमत म्हणून सशाला असे उताणे करू नये.

देहबोलीची बाराखडी

सशाची भाषा शिकण्यासाठी त्याच्यासोबत रोज अर्धा तास जमिनीवर बसणे पुरेसे ठरते. पुढील खुणा हळूहळू ओळखीच्या होतात.

मागचा पाय जमिनीवर जोरात आपटणे ही धोक्याची सूचना आहे. बिळातील इतरांना सावध करण्याची ती जुनी रीत. मिक्सरचा आवाज, अनोळखी पाहुणा किंवा खिडकीत बसलेली घार असे काहीही त्याला निमित्त असू शकते. अशा वेळी रागावू नये. आवाजाचे कारण दूर करून त्याच्याशी हलक्या आवाजात बोलावे.

धावता धावता हवेत उडी घेऊन अंग एकीकडे आणि मान दुसरीकडे पिळणे, हा निखळ आनंद आहे. मोकळी जागा आणि सुरक्षितता लाभलेलाच ससा अशी उडी मारतो. एकदम कुशीवर धाड्कन कलंडणे पाहून नवखे मालक घाबरतात, पण ‘इथे मला कसलीच भीती नाही’ असा त्याचा अर्थ असतो. पाय मागे ताणून पसरणेही समाधानाचेच लक्षण.

हनुवटी टेबलाच्या पायावर, दारावर, चपलेवर घासणे म्हणजे मालकी सांगणे. हनुवटीखालील ग्रंथींतून येणारा गंध माणसाला जाणवत नाही, पण सशासाठी ती नावाची पाटीच असते. नाकाने हलकेच ढोसणे म्हणजे कधी ‘लक्ष दे’, तर कधी ‘वाटेतून बाजूला हो’. डोके जमिनीला टेकवून समोर बसणे म्हणजे कुरवाळण्याची मागणी. ससे एकमेकांनाही असेच विनवतात.

कान मागे चपटे, अंग ताठ आणि तोंडातून गुरगुर असेल, तर हात मागे घ्यावा. पिंजऱ्यात हात घातल्यावर मादी धावून येते, ती ‘खुनशी’ आहे म्हणून नव्हे, तर ते तिचे बीळ आहे म्हणून. पायांभोवती गोल गोल फिरणे हे बहुधा वयात आल्याचे लक्षण असते. अंग जमिनीला चिकटवून, डोळे विस्फारून बसणे ही मात्र कमालीची भीती.

सर्वांत सूक्ष्म भेद दातांच्या आवाजात आहे. कुरवाळताना येणारा दातांचा हलका, एकसुरी आवाज सुखाचा असतो. अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून एका कोपऱ्यात बसलेला ससा करकर दात खात असेल, तर ती वेदना आहे. आणि सशाची किंकाळी ऐकू आली, तर प्रसंग जिवावर बेतला आहे असेच समजावे.

गाजर नव्हे, गवत

ससा आणि गाजर ही जोडी १९४० साली पडद्यावर अवतरलेल्या ‘बग्ज बनी’ या कार्टूनमुळे जगभर रूढ झाली. प्रत्यक्षात गाजरात साखर बरीच असते. त्याची एखादी चकती हा खाऊ आहे, जेवण नव्हे. सशाचे खरे अन्न गवत. आहाराचा सर्वांत मोठा वाटा वाळलेल्या गवताचा असावा आणि ते चोवीस तास समोर असावे.

याला दोन कारणे आहेत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. खरखरीत गवत सतत चघळल्यानेच दात आणि दाढा झिजतात. अन्यथा त्या वाकड्या वाढून गाल आणि जीभ जखमी करतात व ससा भुकेला असूनही खाऊ शकत नाही. दुसरे कारण पचनाचे. सशाचे पचन मोठ्या अंधांत्रातील सूक्ष्मजीवांवर चालते आणि तंतुमय अन्न सतत पुढे सरकत राहिले तरच ते यंत्र सुरू राहते. भात, पोळी, ब्रेड, बिस्किटे यांनी सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो. शिवाय सशाला उलटी होत नाही. एकदा गिळलेले परत बाहेर काढण्याची सोय त्याच्याकडे नाही.

आपल्याकडे चाऱ्याच्या दुकानांत सहज मिळणाऱ्या लसूणघासाबाबतही तारतम्य हवे. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असल्याने तो वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला मानवतो. सहा महिन्यांवरील सशाला मात्र तो रोज पोटभर दिल्यास लघवी दाट, खडूसारखी होऊन मूत्राशयाचे विकार उद्भवू शकतात. हराळी अर्थात दूर्वा, इतर साधे गवत, कोथिंबीर, पुदिना, तुळस, थोडी मेथी, जास्वंदीची पाने-फुले हा चांगला पाला होय. पालक क्वचित द्यावा. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट वर्ज्य. कीटकनाशक फवारलेले किंवा कुत्र्यांच्या वावराच्या जागेतील गवत देऊ नये. गॅलरीतील कण्हेर आणि मनीप्लांट सशाच्या तोंडापासून दूर ठेवावेत.

ससा पहाटे स्वतःच्याच मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या थेट गुदद्वाराजवळून खाताना दिसतो. हे पाहून अनेकांना किळस येते. ही घाणेरडी सवय नसून पचनाचा दुसरा फेरा आहे. त्या लेंड्यांत सूक्ष्मजीवांनी तयार केलेली प्रथिने आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे असतात. गायीच्या रवंथामागे जे तत्त्व आहे, साधारण तेच येथे आहे.

घर, उन्हाळा आणि फटाके

पिंजरा हे सशाचे बिऱ्हाड असू शकते, तुरुंग असू नये. उभे राहून कान ताठ करता येतील एवढी उंची आणि तीन-चार उड्या मारता येतील एवढी लांबी असावी. दिवसातून किमान तीन-चार तास त्याला खोलीत मोकळे सोडावे. त्याआधी विजेच्या वायरी उचलून किंवा झाकून ठेवाव्यात. जाळीच्या तळाने पायांना जखमा होतात. त्यामुळे तळाशी जाड कापड, गोणपाट किंवा गवताचा थर हवा. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात विधी करतो. त्याच कोपऱ्यात कागद आणि गवत घातलेला ट्रे ठेवला की त्याला सवय लागते. लपण्यासाठी दोन दारे कापलेले पुठ्ठ्याचे खोके द्यावे; त्यानेच त्याची निम्मी भीती जाते.

थंडी ससा सोसतो, उन्हाळा नाही. त्याला घाम येत नाही. कानांतील रक्तवाहिन्यांवाटे तो उष्णता बाहेर टाकतो. तापमान तिशीपलीकडे गेले की त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किंवा मुंबईच्या दमट मे महिन्यात गॅलरीतला पिंजरा जीवघेणा ठरू शकतो. घरातील सर्वांत गार खोली, फरशीचा मोकळा तुकडा, कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली आणि भरपूर पाणी ही किमान व्यवस्था आहे. तो धापा टाकू लागला, तर कान गार पाण्याने ओलसर करून तातडीने दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. एरवीही सशाला आंघोळ घालू नये. तो स्वतःला मांजरासारखा चाटून स्वच्छ ठेवतो आणि भिजल्याच्या धक्क्याने दगावूही शकतो.

पावसाळ्यात शेपटीखालचे केस घाण राहिल्यास माश्या तेथे अंडी घालतात आणि अळ्या पडतात. तो भाग रोज तपासावा. दिवाळीत आणि मिरवणुकांच्या दिवसांत सशाला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, लपण्याच्या खोक्यासह ठेवावे. मोठ्या आवाजाने घाबरून त्याला इजा झाल्याची आणि तो दगावल्याचीही उदाहरणे पशुवैद्यकांना परिचित आहेत.

एकटा की जोडी?

ससा मुळात कळपातला प्राणी. दिवसभर कुलूपबंद घरात एकटा राहणारा ससा उदास होतो, पिंजऱ्याच्या सळया चावतो, स्वतःचे केस उपटतो. त्याला जोडीदार हवा. पण निर्बीजीकरणाशिवाय जोडी म्हणजे पैदास. गर्भकाळ केवळ ३१ दिवसांचा असतो आणि व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. लहान जातींचे ससे चौथ्या महिन्यातच वयात येतात आणि कोवळ्या पिल्लांचे लिंग ओळखणे कठीण असते. ‘दोन माद्या’ म्हणून आणलेली जोडी महिन्या-दोन महिन्यांत पिंजरा भरून टाकते, ती यामुळेच. निर्बीजीकरण न केलेल्या माद्यांत तीन-चार वर्षांच्या वयानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाणही मोठे आहे. सशांवर शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडूनच ती करून घ्यावी. नराच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवावे लागते.

घरात पिल्ले झालीच, तर आणखी एक गैरसमज आड येतो. आई पिल्लांकडे दिवसभर फिरकत नाही, म्हणून तिने ती टाकली असे समजून लोक त्यांना ड्रॉपरने गायीचे दूध पाजतात. वास्तविक ससीण दिवसातून एक-दोनदाच, जेमतेम चार-पाच मिनिटे पाजते. वारंवार घरट्यापाशी जाऊन शत्रूला वाट न दाखवण्याची ती रीत आहे. पिल्लांची पोटे गोल आणि अंग उबदार असेल, तर हस्तक्षेप करू नये. ‘कापसाचा गोळा’ हवा म्हणून आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकतही घेऊ नये. आईपासून लवकर तोडलेली पिल्ले जुलाबाने दगावतात.

दुखणे लपवणारा रुग्ण

रानात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो. त्यामुळे ससा शेवटच्या क्षणापर्यंत दुखणे लपवतो. ‘काल तर चांगला होता’ या वाक्याचे उत्तर येथे आहे. तो काल चांगला नव्हता. चांगला दिसत होता.

यावर उपाय साधा आहे. रोज सकाळी ट्रेमधील लेंड्या पाहाव्यात. त्या गोल, सुक्या आणि भरपूर असतील, तर पोट चालू आहे. त्या लहान, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या, तर काहीतरी बिघडले आहे. बारा तास ससा खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील, तर ती तातडीची वेळ समजावी. ‘उद्या पाहू’ म्हणण्याइतका अवधी त्याच्याकडे नसतो. हनुवटी ओली राहणे, मान एका बाजूला कलणे, नाक वाहणे, कान थंड पडणे ही अन्य लक्षणे. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवल्यास घट लवकर लक्षात येते.

घरगुती औषधोपचार मात्र कटाक्षाने टाळावा. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तो मरू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिल हे औषधही सशासाठी विषारी आहे. सर्वच पशुवैद्यकांना सशांच्या उपचारांचा अनुभव असतो असे नाही. तो कोणाला आहे, याची चौकशी ससा घरी आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

दहा वर्षांची बांधिलकी

योग्य सांभाळ झाल्यास ससा आठ ते बारा वर्षे जगतो. तिसरीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो. म्हणजे तो मुलाचा नव्हे, तर घरातील मोठ्यांचा निर्णय असायला हवा. सुटीत गावी जाताना त्याला कोण पाहील, गवत कोण आणील, घरात कोणाला केसांची किंवा गवताची अ‍ॅलर्जी आहे काय, हे प्रश्न आधी सोडवावेत. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. खरेदीपूर्वी त्याची विचारणा जरूर करावी. त्याहून चांगले म्हणजे कोणाला नकोसा झालेला ससा दत्तक घेणे.

आणि सांभाळणे अशक्य झाले, तरी त्याला ‘निसर्गात मुक्त’ करू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पांढऱ्या सशाला ना लपण्यासाठी बीळ असते, ना रंगाचा आडोसा. मोकाट कुत्री, मांजरे आणि घारी त्याला फार काळ जगू देत नाहीत. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे. मराठीत हाल हाल होण्याला ‘ससेहोलपट’ म्हणतात. शिकाऱ्यांनी चहूबाजूंनी घेरलेल्या सशाच्या धावपळीवरून आलेला हा शब्द आहे. माणसाच्या घरात आलेल्या सशाच्या वाट्याला तरी ती येऊ नये, एवढी काळजी घेणे कोणत्याही सुजाण कुटुंबाला अवघड नाही.